जीव कोणाचा? काशीबाईपासून अरुणापर्यंत

पुण्यात इनाम कमिशनमधले अधिकारी रावसाहेब सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे सगळे उपाय करून झाले, पण तो पडला नाही. मुलगा झाला. काशीबाईने त्याला सुरीने मारलं आणि परसातल्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी प्रेत सापडलं, सेशन्स कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेवर काळ्या पाण्याला पाठवण्यात आलं. शास्त्रीबुवा मोकळेच राहिले.

ही ऐकीव दंतकथा नाही. बेहरामजी मलबारींनी सक्तीच्या वैधव्यावर टिपणं काढली, तेव्हा त्यांवर मत देताना जोतीराव फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी हा प्रसंग लिहून ठेवला. याच घटनेनंतर, १८६३ च्या सुमारास, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी सोय होती. त्या मतपत्रात जोतीरावांनी दिलेला आकडा वाचून आजही बसल्या जागी सुन्न व्हायला होतं. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे आल्या होत्या आणि त्यांच्या मुलांपैकी जगली फक्त पाच. बाकीची तीस आधीच अर्धमेली होती, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी पोटात विषारी औषधं घेतली होती.

गर्भपात, बालहत्या, जीवाचं पावित्र्य हे शब्द मराठी समाजात धर्मग्रंथाच्या पानातून आले नाहीत. ते विहिरीतून वर आले. गर्भपाताबाबत ख्रिस्ती धर्मपीठ जे म्हणतं ते आपल्याकडे फारसं कुणाच्या कानी का गेलं नाही, आणि मरणाबाबत तेच धर्मपीठ जे शतकानुशतकं म्हणत आलं त्याच्या अगदी जवळ आपलं सर्वोच्च न्यायालय कसं पोचलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

काशीबाईला शिक्षा देणारा कायदाही मुळात ख्रिस्ती इंग्लंडच्या संस्कारातला होता. भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१२ व्या कलमाने बाईचा जीव वाचवण्याखेरीज कोणत्याही कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरवला आणि तो करवून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार केलं. बालहत्येला खुनाची शिक्षा, आत्महत्येच्या प्रयत्नाला ३०९ कलम. यामागचा विचार जुना आहे. रोमन जगात नको असलेलं मूल उघड्यावर टाकून देणं ही रीतच होती. ‘दिदाखे’ नावाच्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात गर्भ पाडू नका आणि जन्मलेलं मूल मारू नका या दोन आज्ञा जोडीने येतात. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने आत्महत्येला ‘खून करू नकोस’ या आज्ञेत बसवलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने कारणमीमांसा दिली: जीव सांभाळणं हा निसर्ग, माणूस समाजाचा अंश, आणि जीव ही देवाची देणगी. म्हणजे तो वापरायला आपला, पण मालकी देवाची. गर्भात आत्मा कधी येतो यावर मध्ययुगात बरीच घासाघीस झाली. चाळीस दिवस, ऐंशी दिवस असे हिशेब होते. १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी शिक्षेपुरता तो भेद काढून टाकला आणि गर्भधारणेपासूनच्या प्रत्येक गर्भपाताला एकच धर्मबहिष्काराची शिक्षा लावली.

पण इथल्या ख्रिस्ती माणसांनी प्रत्यक्षात काय केलं हे पाहिलं तर चित्र जरा वेगळं दिसतं. शिक्षेपेक्षा आसऱ्यावर त्यांचा भर होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. बाबा पदमनजी मात्र १८५४ मध्ये झाले आणि तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांची स्थिती मराठीत मांडली. पंढरपुरात १८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अनाथ बालकाश्रम निघाला, पुढे तो प्रार्थनासमाजाने चालवला. हे काम एकट्या ख्रिस्ती लोकांचं नव्हतंच. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात मुलींच्या बालहत्येबद्दल त्या तिखट लिहितात. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला गेलं आणि मग कार्याचा केंद्रबिंदू केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हलला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी मुक्तीच्याच आवारात ‘कृपासदन’ उभं राहिलं. रमाबाईंचं आपल्या धर्मगुरूंशी सिद्धान्तांवरून जन्मभर पटलं नाही, पण फेकलेल्या जीवाला दार उघडायचं याबद्दल त्यांना कधी शंका पडली नाही.

इकडे होळकरांच्या इंदुरात १८७७ मध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं. १८८४ च्या अखेरीस डॉ. एलिझाबेथ बीटी, तर १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर इथे पोचल्या. पुरुष डॉक्टरसमोर जायला तयार नसलेल्या बायकांसाठी त्यांनी दवाखाना सुरू केला आणि त्यातून १८९१ मध्ये स्त्रियांचं रुग्णालय झालं. मराठी आणि माळवी घरांतल्या बाळंतिणींचा ख्रिस्ती धर्माशी आलेला पहिला संबंध बहुधा हाच असेल: प्रवचन नव्हे, खाट.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. कॉलेज स्कॉटिश मिशनचं. चालकांना हा प्रचार रुचला नाही, तो थांबवायला कर्वे तयार नव्हते आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. गंमत अशी की पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही मर्यादा घालून संततिनियमनाला वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी ती कॅथलिकांसाठी बंद केली. कर्वे प्रोटेस्टंट संस्थेत दहाएक वर्षं उशिरा आले असते तर कदाचित नोकरी टिकली असती. मात्र मग त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं असतं की नाही, सांगता येत नाही. ‘ख्रिस्ती मत’ एकच असतं असं समजण्याची चूक आपण नेहमी करतो, म्हणून हे सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर गर्भपाताचा प्रश्न पुन्हा आला तो लोकसंख्येच्या आणि चोरट्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांच्या वाटेने. केंद्र सरकारने १९६४ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९६६ च्या अखेरीस अहवाल आला, पुढच्याच वर्षी ब्रिटनने आपला कायदा सैल केला आणि १९७१ मध्ये आपल्या संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीसपर्यंत दोघांचं. विवाहित जोडप्याचं गर्भनिरोधक साधन फसलं तर त्यातून होणारा मनस्तापही पुरेसं कारण मानला गेला.

कॅथलिक धर्मपीठाचा या सगळ्याला विरोध होता. त्याआधीच, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गर्भपाताला घोर अपराध म्हटलं होतं, आणि १९६८ मध्ये ‘हुमाने विते’ या पत्राने कृत्रिम संततिनियमनही पुन्हा नाकारलं. पण १९७१ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती होते अडीच टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्यांच्यातही एकमत नव्हतं. प्रोटेस्टंट मिशन रुग्णालयं कुटुंबनियोजनाच्या कामात उतरली होती. अमेरिकेत १९७३ च्या गर्भपाताच्या निकालानंतर जे रणकंदन माजलं तसं इथे काहीच झालं नाही. कॅथलिक रुग्णालयांनी आपल्यापुरता गर्भपात नाकारला, तेवढंच. खरं कारण संख्येचं नव्हतं असं मला वाटतं. काशीबाईची आठवण असलेल्या समाजात गर्भपात म्हणजे बाईचा जीव वाचवण्याचा मार्ग होता. ‘गर्भाचा जीव’ हा स्वतंत्र प्रश्न म्हणून पुढे यायला इथे जागाच नव्हती.

ती जागा अचानक निर्माण केली सोनोग्राफी आणि गर्भजल तपासणीने. पोटात मुलगी आहे म्हणून गर्भ पाडले जाऊ लागले, तसा कायद्याने मोकळा केलेला रस्ता भलतीकडेच गेला. १९८० च्या दशकात मुंबईच्या स्त्री संघटनांनी रान उठवलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. या लढ्यात स्त्रीवादी कार्यकर्त्या आणि ख्रिस्ती संघटना एकाच बाजूला दिसल्या, तरी कारणं वेगळी होती. एकीला मुलींची कत्तल थांबवायची होती, दुसरीला कोणताही गर्भपात नको होता. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले, तेव्हा दोघींना एकच धक्का बसला.

ख्रिस्ती आवाज मुंबईत सर्वात ठळक ऐकू आला तो २००८ च्या पावसाळ्यात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास एका गरोदर स्त्रीच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला. वीस आठवड्यांची मर्यादा उलटलेली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार त्या जोडप्याला घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जे. जे. रुग्णालयाच्या समितीचं मत मागवण्यात आलं आणि ४ ऑगस्टला न्यायालयाने परवानगी नाकारली. मुंबईच्या कॅथलिक धर्मपीठाने निकालाचं स्वागत केलं, वर्तमानपत्रांचे रकाने दोन्ही बाजूंनी भरले. त्याच महिन्यात त्या स्त्रीचा गर्भ आपसूक पडला. कायदा बदलायला मात्र २०२१ उजाडलं: ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवडे, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने त्याहीपुढे. या बदलाच्या वाटेत धर्मपीठाचा अडसर कुठेच आला नाही.

मरणाची कथा निराळी आहे. तिथे मराठी माणसाकडे स्वतःची भक्कम परंपरा होती. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी आळंदीला, सावरकरांचं १९६६ मधलं प्रायोपवेशन, आणि अन्न, औषध, पाणी सोडून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला गेलेले विनोबा. ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ हा युक्तिवाद सावरकरांनी आधीच लिहून ठेवला होता. मिनू मसानींनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात ३०९ कलमच घटनाबाह्य ठरवलं. अपघातानंतर मनाचा तोल गेलेल्या या माणसाने पालिका आयुक्तांच्या कचेरीबाहेर स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला होता. हा सगळा प्रवाह ख्रिस्ती विचाराच्या थेट उलट वाहणारा. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मात्र मरणाची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालीच असेल तर गोष्ट वेगळी, अशी एक फट ठेवली.

आणि परळच्या केईएम रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक ४ च्या बाजूच्या खोलीत, अरुणा शानबाग तेव्हा बावीस वर्षं पडून होती.

उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची ही परिचारिका. लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली, तेव्हा सोहनलाल वाल्मीकी या सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळून लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. सोहनलालला सात वर्षांची शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. बलात्काराचा आरोप लागलाच नाही. तो सुटून निघून गेला. अरुणा तिथेच राहिली. घरचे हळूहळू दुरावले. पालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो बेत हाणून पाडला. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना अरुणाची ओळख करून दिली जाई. तिला कालवलेलं मऊ अन्न भरवलं जाई, मासे तिला आवडत. सदतीस वर्षांत अंगावर एक शय्याव्रण झाला नाही. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस काढलं आहे त्यांना या एका ओळीमागचे कष्ट कळतील.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिचं अन्न थांबवा, तिला जाऊ द्या. जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने मुंबईचे तीन डॉक्टर तपासणीला पाठवले: टाटा मेमोरियलचे डॉ. दिवातिया, हिंदुजाचे डॉ. गुर्सहानी, सायनचे डॉ. शाह. अधिष्ठाता डॉ. संजय ओक यांनी रुग्णालयाची बाजू स्पष्ट मांडली: ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळतो, मरू देणार नाही. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांचा निकाल आला, सुरुवातीलाच गालिबचा शेर घेऊन. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार विराणींचा नाही, केईएमचा आहे. अर्ज फेटाळला. पण त्याच निकालाने देशात पहिल्यांदा, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवण्याला मान्यता दिली. परळमध्ये परिचारिकांनी पेढे वाटले.

आता जरा मागे, सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये जाऊ. फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या धर्मशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न घेतला: वैद्याने कोंबडीचा आहार सांगितला आणि तो घेतला तर माणूस आणखी वीस वर्षं जगेल, तर तो घ्यायलाच हवा का? त्याचं उत्तर: नाही. रोजचं साधं अन्न घेणं बंधनकारक, जीव टिकवण्यासाठी आकाशपाताळ एक करणं नव्हे. यातूनच कॅथलिक विचारात ‘सामान्य’ आणि ‘असामान्य’ उपाय हा भेद रूढ झाला. कृत्रिम श्वसनयंत्र आलं तेव्हा १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे तोच भेद वापरला आणि ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने तो लेखी पक्का केला. मारणं कधीच नाही. पण मरण जवळ आलेलं असताना निष्फळ, अवजड उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये इच्छामरणाचा कडक निषेध केला त्यातही हा भेद शाबूत होता. २००४ मध्ये त्यांनी एक भर घातली: अचेत रुग्णाला दिलेलं अन्नपाणी, नळीतून का असेना, हा उपचार नाही, ती साधी शुश्रूषा आहे.

केईएमच्या परिचारिकांनी व्हितोरिया वाचला नव्हता. त्यांच्यात हिंदू होत्या, ख्रिस्ती होत्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या होत्या. पण तिला भरवत राहण्याची जी ठाम भूमिका त्यांनी घेतली ती धर्मपीठाच्या भूमिकेशी जुळणारी होती. आणि न्यायालयाने पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडून जो नियम केला, विषारी इंजेक्शन नाही पण निरर्थक उपचार थांबवता येतील आणि तसं आधी लिहूनही ठेवता येईल, त्याचा मोठा भाग व्हॅटिकनच्या १९८० च्या मजकुराला मान्य व्हावा असाच आहे. फरक दोन: नळीतून दिलेल्या अन्नावर धर्मपीठ अडून राहील, आणि न्यायालयाने आधार घेतला तो रुग्णाच्या स्वायत्ततेचा, देवाच्या मालकीचा नव्हे. वाटा वेगळ्या असूनही मुक्काम इतका जवळ येतो, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. ‘चर्चचा विरोध’ एवढ्या मथळ्यावर आपण थांबलो.

अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. अंत्यविधीला परिचारिका रडत उभ्या होत्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचा संथारा, म्हणजे मरेपर्यंत केलेला अन्नत्याग, ही आत्महत्या ठरवली आणि तीनच आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दहा वर्षांनी तो वाद इंदुरात आला. मार्च २०२५ मध्ये ब्रेन ट्यूमर झालेल्या अवघ्या तीन वर्षांच्या मुलीला इथे संथारा देण्यात आला. मे महिन्यात ते जगजाहीर झालं आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. स्वेच्छेने अन्न सोडणारे विनोबा आणि ज्याला स्वेच्छा म्हणजे काय हेच कळत नाही असं मूल, यांत फरक करावाच लागेल. तो करताना ‘जीव आपल्या मालकीचा नाही, लेकराचा तर आईबापाच्याही नाही’ हा ख्रिस्ती मुद्दा, देवावर विश्वास असो वा नसो, टाळून पुढे जाता येणार नाही असं मला वाटतं.

मोठ्या माणसांची व्यवस्था आता बरीच सोपी झाली आहे. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या अटी सैल केल्या. लिव्हिंग विलवर, म्हणजे उपचार थांबवण्याबाबत आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्रावर, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं, दंडाधिकाऱ्याकडे जायची गरज नाही. ते जपून ठेवायला स्थानिक संस्थांनी अधिकारी नेमावेत यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले ते पुन्हा २००८ चेच डॉ. निखिल दातार. कॅथलिक वाचकांनाही यात धर्माची आडकाठी नाही, फक्त अन्नपाण्याबद्दल काय हवं ते स्पष्ट लिहावं. कागद तयार झाला की एक प्रत घरच्यांकडे आणि एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. हे शुद्धीत आणि धडधाकट असतानाच करायचं असतं.